मागेल त्याची स्लाइड

बबन मास्तर नव्या पोरांची पहिली परीक्षा भिंतीवर घ्यायचे. ट्रेनिंग रूमच्या खिडक्यांना काळा कागद, दार बंद, सगळ्यांचे मोबाईल दाराजवळच्या ग्रीसच्या रिकाम्या डब्यात. मग ते जुना स्लाइड प्रोजेक्टर चालू करायचे आणि एकेकाला उठवून त्याच्या उजेडात दोन्ही हात धरायला लावायचे. भिंतीवर बोटांच्या मोठ्या सावल्या पडायच्या. "मोज," मास्तर म्हणायचे. पोरगं हसत हसत मोजायचं. "दहा, मास्तर." "दहा घेऊन आलायस. आता खाली बस, आनि दहा न घेता घरी गेलेले बग."

खटाक असा आवाज व्हायचा आणि भिंतीवर एक हात यायचा. चार बोटांच्या जागी चेचलेलं मांस, त्यातून डोकावणारी हाडं, आणि शाबूत राहिलेला एकटा अंगठा. पुन्हा खटाक. मध्ये क्षणभर मिट्ट काळोख. त्या काळोखात मास्तर त्या माणसाचं नाव घ्यायचे, गाव सांगायचे, आणि मगच पुढची स्लाइड यायची.

मी त्या खोलीत पहिल्यांदा बसले तेव्हा तिसऱ्याच स्लाइडला उठून बाहेर पळाले आणि कुंपणाशी ओकले. मी उदगीरची. वडील अडत बाजारात हमाली करायचे. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. सेफ्टीचा डिप्लोमा करून चाकणजवळच्या या कंपनीत ट्रेनी म्हणून लागले होते. पत्र्याचे सुटे भाग ठोकून काढणाऱ्या प्रेसची ही कंपनी. जमीन दिवसभर पायाखाली हादरायची. मास्तर पाण्याचा तांब्या घेऊन मागे आले. मला वाटलं, आता हाकलतील. ते म्हणाले, "वकलीस, बरं झालं. ह्ये बगून जे सरळ जेवायला जात्यात, त्येंचं मला भ्या वाटतं."

मास्तर पिंपरीजवळच्या चिखलीकडचे. त्यांचं रान कारखान्यांत गेलं आणि त्याच्या बदल्यात प्रेसवर नोकरी मिळाली. "आमच्या ज्वारीत प्रेस उगवल्या," असं ते सांगायचे. पुढे पिंपरीतल्या एका मोठ्या कंपनीच्या ट्रेनिंग विभागात गेले. तिथल्या एका साहेबांनी त्यांना कॅमेरा शिकवला. ती कंपनी बंद पडली, तेव्हा मास्तर इथे आले आणि तिथला प्रोजेक्टर कुदळवाडीच्या भंगारात गेला. मास्तरांनी तो तिथून वजनावर उचलून आणला.

स्वभाव भयंकर तापट. एकदा एका पोराने काम लवकर उरकावं म्हणून प्रेसच्या दोन बटणांपैकी एकात लाकडाची काडी ठोकली होती. बटणं दोन असतात ती दोन्ही हात गुंतून राहावेत म्हणून. एकात काडी बसली की एक हात मोकळा होतो, आणि तोच हात प्रेसखाली जातो. मास्तरांनी मशीन बंद केलं, काडी उपटली आणि सगळ्या लाईनीसमोर त्या पोराच्या अशी कानफटात वाजवली की त्याची टोपी उडाली. सुपरवायझर मध्ये पडला. "मास्तर, हात नका उचलू. कंप्लेंट होईल."

"व्हऊ दे की. कंप्लेंट लिवायला त्येचा हात तरी ऱ्हाईल."

प्रेसबद्दल बोलताना त्यांचा आवाज खाली यायचा. "ती काय दुश्मन न्हाई, राव. दुश्मन निदान तुज्याकडं बगतो तरी. हिला तू दिसतच न्हाईस."

त्या स्लाइड त्यांनी स्वतः काढलेल्या होत्या. अपघात झाला की चौकशीच्या फाईलसाठी फोटो काढायचं काम त्यांच्याकडे असे. पण ट्रेनिंगचा फोटो ते वेगळा काढायचे, स्लाइडच्या फिल्मवर, दवाखान्यात, त्या माणसाची परवानगी घेऊन. प्रत्येकाला एकच शब्द द्यायचे: "ही एकच हाय. हिची दुसरी न्हाई. तुला नको वाटंल त्या दिवशी ये, तुज्या हातात दीन." आणि ते खरोखर देत. माझ्यासमोर रावेतचा एक माणूस आला होता. त्याचा मुलगा याच कंपनीत भरतीला येणार होता. "मास्तर, पोरानं मला असं बघायला नको." मास्तरांनी पुढे काही विचारलं नाही. पेटीतून स्लाइड काढून त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती खोलीबाहेर नेऊन काडी लावली. फिल्म आक्रसली, काळी पडली, उग्र वास सुटला. तो राखेवर थुंकला आणि रडत रडत मास्तरांच्या पाया पडला.

मी मास्तरांना म्हणाले होते, लॅपटॉपवर सगळं किती सोपं होईल. ते म्हणाले, "पोरी, त्या दिवशी त्येच्या हातावर पडलेला उजेड ह्याच फिलमवर पडलाय. म्हंजे ही त्येची हाय. तुज्या लॅपटॉपातली कुनाची?" मला ते तेव्हा म्हाताऱ्या माणसाचा हट्ट वाटलं. शिवाय स्लाइड फिकट होत चालल्या होत्या. दर वेळी दिव्यासमोर धरली की रंग थोडा उडतो. जुन्या स्लाइडमधलं रक्त विटकरी झालं होतं. मास्तरांना त्याचं वाईट वाटत नसे. "जखम भरती, तसं चितरबी भरलं पायजे."

मग एच. आर.ला नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, उत्साही होता. एक दिवस ट्रेनिंग पाहायला बसले आणि बाहेर येऊन म्हणाले, "मास्तर, कंटेंट जबरदस्त आहे. पण हे मशीन म्युझियममध्ये द्या. आपण सगळं डिजिटल करू. इम्पॅक्ट बघा तुम्ही."

"दाखवायचं ते मला इचारून दाखवायचं. ह्यो माजा शबुद हाय लोकांना."

"हो हो, ऑफ कोर्स. फक्त जपून ठेवायला."

पेटी पिंपळे गुरवच्या एका स्टुडिओत गेली आणि काही दिवसांनी परत आली. मास्तरांनी टेबलावर एकेक स्लाइड उजेडाला धरून पाहिली. एकही कमी नव्हती. "सगळ्या आल्या," ते समाधानाने म्हणाले आणि पेटीला कुलूप लावलं. स्लाइड घरी आली म्हणजे चित्र घरी आलं, असाच त्यांचा हिशेब होता. आयुष्यभर तो खराही ठरला होता.

सुरक्षा सप्ताहाचा कार्यक्रम कँटीनच्या शेडमध्ये झाला. कामगारांच्या घरच्यांनाही बोलावलं होतं. नवा प्रोजेक्टर इतका प्रखर होता की दिवे घालवायची गरजच पडली नाही. हातात सामोशाच्या प्लेटा, पोरं इकडून तिकडे पळतायत, आणि साहेबांनी माईक घेऊन पहिला फोटो लावला. मास्तर माझ्या शेजारी बसले होते. त्यांना काहीही विचारलेलं नव्हतं.

पडद्यावर माणसाएवढा हात आला. स्टुडिओवाल्याने रंग सुधारले होते. विटकरी झालेलं रक्त पुन्हा लालभडक झालं होतं, ओलं वाटत होतं. मनगटावर गोंदलेलं बेलाचं पान स्वच्छ दिसत होतं. चेहरा नव्हता, पण त्या पानावरून सगळ्या शेडने माणूस ओळखला. तो स्टोअरमधला महादेव. परभणीकडचा, उजव्या हाताला फक्त अंगठा उरलेला. बायको आणि लहान मुलीसोबत तो मागच्या रांगेत बसला होता. हात जन्मापासून असाच आहे, असं त्याने मुलीला सांगितलं होतं.

मुलगी उठून उभी राहिली. "पप्पा, तुझं पान," ती म्हणाली, आणि मग किंचाळत सुटली. थांबेचना. पुढच्या रांगेतली ठेक्यावरची पोरं मोबाईल वर धरून पडद्याचा फोटो काढत होती. कोणीतरी म्हणालं, "ए भावा, झूम कर की." मास्तर उठले, पडद्यापाशी जाऊन दोन्ही हातांनी उजेड अडवू लागले. पडद्यावरचा तो हात त्यांच्या सदऱ्यावर, त्यांच्या तोंडावर दिसू लागला. साहेबांना वायर काढायला वेळ लागला.

तोवर फोटो गेला होता. चाकणभर गेला, महादेवच्या गावी गेला. त्याच्या मेव्हण्याने तो हसणाऱ्या तोंडांच्या इमोजींसकट परत त्यालाच पाठवला.

पुढच्या आठवड्यात चहाच्या सुट्टीत मी आणि मास्तर ट्रेनिंग रूममध्ये होतो. दार लाथेने उघडलं. महादेवच्या डाव्या हातात साचे सरकवायची लोखंडी पहार होती.

"तुमी म्हणलता, मागितली की हातात दीन. द्या! द्या आता!"

"महादेवा, ऐक—"

पहार आली. मास्तरांनी हात आडवा घातला. ओलं लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. दुसरा घाव प्रोजेक्टरवर बसला. काच उडाली, दिवा फुटला, माझ्या गालात तुकडा घुसला. तिसरा मास्तरांच्या खांद्यावर. मी महादेवच्या कमरेला मिठी मारून ओरडत होते, "दादा, नगं! दादा, मरतेत की ते!" आमच्या मराठवाड्याची बोली ऐकून की काय, तो क्षणभर थांबला.

हे मी केलं नाही, साहेबांनी केलं, असं मास्तर एकदाही म्हणाले नाहीत. मोडका हात लोंबत होता. दुसऱ्या हाताने त्यांनी कुलूप काढलं, पेटीतून स्लाइड शोधली आणि महादेवपुढे धरली. त्याने ती उजेडाला धरून पाहिली. मग जमिनीवर टाकून टाचेने चिरडली.

"ही नव्हं, मास्तर. मोबाईलातली द्या. माह्या मेव्हण्याच्या मोबाईलातली द्या. माह्या लेकराच्या डोळ्यातली द्या."

"ती न्हाई देता येत मला," मास्तर म्हणाले, आणि खाली बसले.

तेवढ्यात सिक्युरिटीवाले धावत आले. त्यांनी महादेवला पायऱ्यांवरून फरफटत नेलं आणि गेटपाशी काठ्यांनी बडवलं. त्याने तुटका पंजा डोक्यावर धरला होता. काठ्या त्यावरच पडत होत्या. मास्तर भिंत धरून बाहेर आले आणि इतक्या मोठ्याने ओरडले की प्रेस चालवणारी माणसं बाहेर आली. "सोडा त्येला! मारायचं तर मला मारा! शबुद मी मोडलाय!"

दवाखान्यात मास्तरांच्या मनगटाच्या वर कातडी फाडून हाड बाहेर आलेलं दिसत होतं. डॉक्टर यायचे होते. मास्तर घामाने भिजले होते. म्हणाले, "मोबाईल काढ. फोटू घे."

"मास्तर, आत्ता?"

"शिवल्यावर काय दाखवनार? घे. माज्या हाताला परवानगी माजी हाय. ह्यो दाखव पोरास्नी. पायजे तेवढा मोठा दाखव, पायजे त्येला पाठव. मी परत मागनार न्हाई."

मी मोबाईल काढला. पहिला फोटो हलला. "नीट घे," ते ओरडले, "रांडेचे, एकदाच मोडलाय!" मग माझ्या गालावरचं रक्त बघून चांगल्या हाताने त्यांनी मला जवळ ओढलं.

त्यांनी पोलिसांत तक्रार दिली नाही. साहेब भेटायला आले तेव्हा एकच अट घातली, महादेवची नोकरी जाणार नाही. साहेब म्हणाले, "मास्तर, मी सगळे फोटो डिलीट केलेत."

"गेले?"

"गेले."

"आनि बाकीच्यांच्याकडचे?"

साहेब उठून निघाले.

हात गळ्यात बांधून मास्तर पेटी घेऊन निघाले. मी सोबत गेले. राजगुरुनगरपासून रावेतपर्यंत ज्याची त्याला स्लाइड देत फिरलो. कोणी चहा पाजला. एकाने दारातूनच शिव्या घातल्या. महादेवचा फोटो त्याच्यापर्यंतही पोहोचला होता. मास्तरांनी शिव्या पूर्ण ऐकून घेतल्या, आणि मगच स्लाइड उंबऱ्यावर ठेवली.

त्यांचा हात नीट जुळला नाही. ते पुन्हा कामावर आले नाहीत. दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेले. खांदा द्यायला महादेव आला होता. त्याच्याशी बोलायचं धाडस मला झालं नाही.

आता ती खोली माझ्याकडे आहे. मी दिवे घालवते, मोबाईल बाहेर ठेवायला लावते आणि एकच फोटो लावते. पोरांना सांगते: हा हात मशीनने मोडलेला नाही. मशीनने ज्याचा हात नेला, त्या माणसाने मोडला. मशीनचा घाव तिथल्या तिथे थांबत नाही. तो माणसामाणसातून पुढे जात राहतो. मग मी मास्तरांचं नाव घेते, गाव सांगते.

मागच्या बॅचमधल्या एका पोराने विचारलं, "मॅडम, आणि त्या दुसऱ्या माणसाच्या हाताचा फोटो नाहीये का?"

"आहे," मी म्हणाले. "अजून कुणाकुणाच्या मोबाईलात फिरत असेल. तुझ्याकडेही येईल कधीतरी. या खोलीत मात्र तो दिसणार नाही."