सात आला की सोडून द्या

उस्मानपुऱ्यात आमची चौकडी चहाला बसली की सगळे माझ्याच मागं लागतात, कारखान्यातलं सांग काहीतरी. मी सांगतो आणि हे लोक पोट धरून हसतात. मला हसू येत नाही. पण इतके किस्से साचलेत की कुणाला तरी ऐकवल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून सांगतो झालं.

मी ईटीपीवर केमिस्ट होतो. ईटीपी म्हणजे कारखान्याचं घाण पाणी साफ करायची जागा. आमच्याकडं धातू ॲसिडमध्ये धुवायचे. ते आंबट पाणी आमच्या टाकीत यायचं आणि त्यात आर्सेनिक असायचं. ते काढायचं आणि पाणी मागच्या नाल्यात सोडायचं, एवढंच आमचं काम.

* * *

नवे मॅनेजर आले. पहिल्याच दिवशी त्यांनी टाकीत चुना टाकायला लावला आणि पीएचची पट्टी बुडवली. सात आला.

"सात आला की सोडून द्या," साहेब म्हणाले.

मी सांगितलं, साहेब, चुन्यानं आंबटपणा जातो, पण आर्सेनिक राहतं. त्यासाठी फेरिक टाकावं लागतं. ते आर्सेनिकला धरून खाली बसतं, मग गाळ काढायचा. साहेबांनी उलट मलाच धडा दिला. म्हणे, घरी ताक आंबट झालं तर आपण दूध घालतो, विषय संपला.

"ताक गोड होतं साहेब," मी म्हटलं, "पण त्यात पाल पडली असेल तर ती राहतेच की."

दुसऱ्या दिवसापासून केबिनमधला माझा चहा बंद झाला.

* * *

मग फेरिकचे ड्रम कमी येऊ लागले. आधी निम्मे, मग त्याच्याही निम्मे. त्या वर्षी फेरिक वाचवलं म्हणून आमच्या खात्याला 'बेस्ट डिपार्टमेंट'चं सर्टिफिकेट मिळालं! फोटोत मी दात काढून हसतोय. बायकोनं तो हॉलमध्ये लावला. मी काढला, तिनं परत लावला. अजून आहे तिथंच.

* * *

आमच्या गेटजवळ काचेची टाकी होती, त्यात रंगीत मासे. पाटी लावलेली, 'आमच्या शुद्ध केलेल्या पाण्यातले मासे'. पाहुणे आले की साहेब त्यांना आधी तिथंच न्यायचे. मासे दोन-तीन आठवड्यांत उलटे व्हायचे. मग म्हसूभाऊ स्कूटरवर माझ्या मागं बसून नवे आणायला यायचे. म्हसूभाऊ आमचे ऑपरेटर, नाल्याच्या खालच्या वस्तीतले. घरी मेंढरं, नोकरी कारखान्यात.

एकदा दुकानदार चाचा म्हणाले, "क्या मियाँ, हर महिने मछली ले जाते, तुम लोगां खाते क्या?"

"खात नाय चाचा," म्हसूभाऊ म्हणाले, "दावतो."

* * *

याच म्हसूभाऊंच्या सुनेच्या तळहातांना खरखरीत घट्टे आले. नातवाच्या पाठीवर काळे ठिपके. विहीर नाल्याला लागूनच. त्यांनी साहेबांना विचारलं, आमच्या विहिरीचं पाणी आपल्या लॅबमध्ये तपासून देता का? साहेब म्हणाले, बाहेरचं सॅम्पल आपल्याकडं घेत नाहीत, नसतं लफडं नको. घट्टे काम करून पडतात.

"मग माझ्या हाताला का नाय पडले?" म्हसूभाऊंनी बाहेर येऊन मला विचारलं.

मी बाटल्या धुवत राहिलो. चोरून तपासून द्यायला काय जात होतं माझं? भ्यालो, दुसरं काय. त्याची लाज आजही जात नाही.

* * *

पुढं कंपनीची मोठी तपासणी आली. त्या आठवड्यात टाकीत फेरिक पोटभर पडत होतं आणि साहेब स्वतः लॅबमध्ये येऊन उभे राहायचे. रोज सकाळी बाटल्या भरून आणणं म्हसूभाऊंचं काम. मार्करनं नंबर टाकलेले: एक म्हणजे येणारं पाणी, दोन चुन्यानंतरचं, तीन नाल्यात जाणारं.

त्या दिवशी चार बाटल्या होत्या. मला वाटलं, चौथी मधल्या एखाद्या टाकीची असेल, न विचारता तीही तपासायला लावली. आर्सेनिक असलं की आमची कागदाची पट्टी पिवळी पडते, लई असलं की तपकिरी. तीन नंबरची जेमतेम पिवळसर झाली. साहेब खूश. चार नंबरची बघता बघता तपकिरी झाली.

साहेब खवळले. "कुठल्या टाकीचं आहे हे? यातला एक थेंब बाहेर जाता कामा नये. सगळं उपसा आणि पहिल्या टाकीत घ्या!"

म्हसूभाऊ दारातच उभे होते. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात घेतली.

"उपसतो की साहेब," ते म्हणाले. "पर ती आमची विहीर हाय. दोन घागरी सून सकाळीच भरून घेऊन गेलीय."