दहा ते दोनची पाळी

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो माझ्या थोरल्या भावाचा. आम्ही त्याला दादा म्हणतो. मलकापूरजवळच्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि ती फी दादाने ट्रक चालवून भरली. पुढे मी पोलीस खात्यात अधिकारी झालो, निवृत्तही झालो. सेवेत गुन्हे पुष्कळ पाहिले. पण एका साध्या अपघाताचा तपास असा आहे की तो अजून माझ्या मनात बंद झालेला नाही.

कोल्हापूर पंधरा-वीस किलोमीटर राहिले असताना महामार्गावर एका ट्रकने मोपेडला धडक दिली. सकाळचे साडेदहा वाजले होते, ऊन लख्ख, रस्ता मोकळा. मोपेडवर वैरणीचा भारा घेऊन निघालेला पन्नाशीचा शेतकरी जागीच गेला. रस्त्यावर ब्रेकची एकही खूण नव्हती. पंचनाम्यात मी ते ठळक लिहून घेतले.

ट्रक राजस्थानातून फरशी घेऊन परत येत होता. गाडीवर दोन ड्रायव्हर. एक साठीला टेकलेला, पांढऱ्या मिशीचा. दुसरा पस्तिशीचा, अंगाने दणकट. दोघेही पळाले नव्हते. केबिनमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत मालकाने करून दिलेला तक्ता होता. चार तास चालवणे, चार तास झोप. पाळी संपली की सही. दहा ते दोनच्या रकान्यात धाकट्याचे नाव होते.

"मीच हुतो साहेब," धाकटा म्हणाला. "तक्त्यात बघा की. माझी पाळी हाय."

मी जबाब लिहायला घेतला. कागद एक सांगतो आणि आरोपीही तेच सांगतो, असा योग तपासात क्वचितच येतो. शिकून वर आलेल्या माणसाचा लिहिलेल्यावर जरा जास्तच विश्वास असतो. माझाही होता.

दुपारी मृताची बायको दिरासोबत ठाण्यात आली. रडली नाही. माझ्या टेबलासमोर उभी राहिली. "सायेब, बाकीचं मागनं बघू. गाडी कोण चालवत हुतं आणि त्येला आमचं माणूस दिसलं कसं न्हाई, एवढं खरं सांगा."

मी संध्याकाळपर्यंत सांगतो म्हणालो. ती व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली.

तासाभराने ठाण्याच्या फोनवर खबर आली. अपघाताच्या जागेसमोर पंक्चरचे दुकान होते, त्याचा मालक बोलत होता. "साहेब, स्टेरिंगवरनं उतरला त्यो पांढऱ्या मिशीचा. दुसरा मागनं आला, बनियनवर, डोळं चोळत. लिवून घ्या, न्हाईतर नगा घेऊ. मी आपलं सांगिटलं."

मी दोघांना वेगवेगळे बसवून विचारले. धाकटा हटेना. थोरला जमिनीकडे बघत राहिला. आमचे हवालदार म्हणाले, "कागद बोलतोय, आरोपी बोलतोय, आन् साहेबांना पंक्चरवाला पायजे." त्यांचेही बरोबर होते. मी तो जबाब तसाच ठेवला असता तर कुणी बोट ठेवले नसते, आणि धाकट्याचे नाव आरोपी म्हणून कायमचे चढले असते.

वैद्यकीय तपासणीसाठी दोघांना जीपमधून सरकारी दवाखान्यात न्यायचे होते. पाच मिनिटांत धाकटा हवालदारांच्या खांद्यावर मान टाकून झोपला. थोरला ताठ बसला होता. समोरून एसटी आली की त्याचा उजवा पाय जीपच्या पत्र्यावर दाबला जाई. वळण आले की पुन्हा. आमचा चालक वैतागला. "ओ पावणं, ब्रेक माझ्याकडं हाय, तुमच्याकडं न्हाई."

मी तो पाय पाहत राहिलो. माझ्या गाडीत दादा बसला की अगदी असेच करतो. पोरे त्याला हसतात.

दवाखान्याच्या ओसरीवर मी थोरल्याशेजारी बसलो. वही उघडली नाही. विचारले, "शेवटची झोप कधी लागली? तक्त्यातली नको. खरी."

मग तो म्हणाला, "राजस्थानात. माल भरताना गाडी हुबी हुती तवा."

"म्हणजे दोन दिवस?"

"दुसऱ्याच्या हातात स्टेरिंग असलं की माझा डोळा लागत न्हाई साहेब. आजचं न्हवं, पयल्यापास्नं. सही तेवढी करायची."

"मालकाला का नाही सांगितलं?"

"सांगिटलं असतं तर जोडी मोडली असती. ह्या वयात एकट्याला कोण गाडी देतंय?"

"आणि दहाची पाळी?"

"त्यो गाढ झोपला हुता. मी जागाच की. जाग्या माणसानं झोपलेल्याला कशाला उठवायचं?" त्याने तोंडावरून हात फिरवला. "चालत्या गाडीत माझा डोळा लागला त्यो एकदाच. त्येबी स्टेरिंगवर."

धाकट्याला हे सांगितले तेव्हा तो माझ्यावरच उखडला. "पाळी माझी हुती. त्यांनी चालवली म्हणून ती त्यांची हुती व्हय?"

कायदा पाळी बघत नाही, स्टेअरिंगवर कोण होते ते बघतो. मी थोरल्याचे नाव घातले. पुढे न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला, शिक्षा झाली, परवाना गेला. शाहूपुरीतल्या ट्रकमालकाचाही जबाब घेतला. तो बिचारा तक्ता पुढे करून म्हणाला, "साहेब, बाकीचे एवढंबी करत न्हाईत. ह्यात कुठं चुकलं, सांगा." चूक दाखवता आली नाही.

बाकावरच्या बाईला मी त्याच संध्याकाळी सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले. "दोन दिस जागा हुता," एवढेच ती म्हणाली, आणि दिरासोबत निघून गेली. तिने त्याला माफ केले की नाही, मला कळले नाही. मी विचारलेही नाही.

त्या तपासाने मला शिकवले ते इतकेच की तक्त्यात विश्रांतीचे तास लिहिता येतात, झोप लिहिता येत नाही. ती लागली का, हे त्या माणसालाच विचारावे लागते. आरोपीला मी विचारले होते. ज्याला कधीच विचारले नव्हते, त्याला आठवड्याने पत्र लिहिले. फोनवर जमले नसते.

"ती. दादास सा. न.

आम्ही इकडे सर्व खुशाल आहोत. एका ट्रकच्या अपघाताचा तपास केला, तेव्हापासून तुझी आठवण येते.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. तू बंगळूरची खेप करून आलास की दोन दोन दिवस झोपायचास. एकदा तुझ्या घोरण्याने मी वैतागलो आणि आईला म्हणालो, ह्याला दुसरीकडं झोपव, मला वाचायचं आहे. तू जागा झाला होतास. काही न बोलता वाकळ उचललीस आणि गोठ्यात गेलास. मी दिवा पुढे ओढून वाचत बसलो.

मी पास झालो ते त्याच वर्षी.

दादा, गोठ्यात तरी तुला झोप लागली का? खरे काय ते लिही.

तुझा धाकटा"