कंप्युटरच्या सभेत माहा पाठिंबा

चहा येऊ द्या, तवर सांगतो. या तोंडानं मी लय ठिकाणी घोळ घातला, पण कंप्युटरसमोर बसून घातला तो एकदाच.

वंदना माह्या भावाची पोरगी, मूल गावाले लगन करून देली. नागपूरच्या एका दवाखान्यासाठी ती गावोगाव फिरून पेशंटले विचारे, दुखणं झाल्यावर तुमचं जगणं कसं चालू आहे? झोप लागते का? धानाच्या बांदीत, वावराच्या चिखलात, उतरता येते का? चार लोकांत बसावं वाटते का? याले म्हणे संशोधन म्हणतेत. बीपी नाई, शुगर नाई, जगणं मोजाचं! असतेत ना बापा अशीही कामं.

पण त्याचं शिक्षण घ्याले तिले घडीघडी नागपूरले जा लागे. कडेवर दूधपितं लेकरू अन् येष्टीत उभ्यानं जाणं. मंग तिनं दवाखान्याच्या सायबाले म्हटलं, "हे वर्ग कंप्युटरवरच घ्या ना, नाई तर मले काम सोडा लागन."

साहेब म्हणे, "सभेत मांड. सभा कंप्युटरवरच आहे. अन् एखादा पेशंट आण, दोन शब्द बोलाले."

पेशंट कोण? मी! माह्या गुडघ्याचं आपरेशन झालं होतं.

"काकाजी, एवढंच म्हणा, का हे वर्ग झाले पाह्यजे," वंदनानं पढवलं.

मूलच्या नेट कॅफेत बसलो. पडद्यावर चौकोनाचौकोनात मुंडकी. वंदनानं आपलं म्हणणं मांडलं. मंग माही पाळी.

"राम राम! मी वंदनाचा काका."

सगळे चुप.

आता तुमीच सांगा, आपल्याकडं कोणी बोलून राह्यला तर समोरचा काय करते? 'हो', 'हं', 'मंग?' असा हुंकारा देते का नाई? मयतीतही देते! अन् इथी एवढी शिकलेली माणसं, पण एकाच्या तोंडून हूं नाई!

"माहा गुडघा नागपूरले फाडला." चुप. "आता बरा आहे." चुप.

"अरे, हो तर म्हणा ना बे!"

वंदनानं शर्ट ओढला. "काकाजी, त्याहीनं..."

"तू थांब!"

एक चष्मेवाला तोंड वासून माह्याकडं पाहे. पापणीही हालवेना.

"ए चष्मेवाल्या! तोंड उघडलंच आहे तर बोल, नाई तर बंद कर! तुमच्यापक्षा माहा बैल बरा, हाक देली तर कान तरी हालवते! अशा मुक्याईपासून काय शिकन माही पोरगी? नाई पाह्यजे तुमचे वर्ग!"

अन् उठून बाहेर, चहाच्या हाटेलात.

सभा संपल्यावर मागून वंदना आली. चेहरा लालभडक.

"काकाजी, तुमच्या बोलण्यात अडथळा नको म्हणून सगळ्याईनं आपला माइक बंद ठेवला होता. तुमच्या मानासाठी."

"अन् तो चष्मेवाला?"

"त्याहीचं नेट कवाच बंद पडलं. चित्र तेवढं अटकून राह्यलं. तुमी चित्रासंग भांडले."

मी कप बाकड्यावर ठेवला. "मंग... गेलं तुहं काम?"

"नाई. वर्ग मंजूर झाले. सभेतल्या मोठ्या बाई म्हणे, असे पेशंट भेटत असतीन तर आपल्या लोकाईले शिकवाच लागन. पहिला वर्ग तुमच्यावरच आहे. तुमाले कंप्युटरसमोर बसवणार."

"माह्यावर? कायचा?"

"चिडक्या पेशंटले प्रश्न कसे विचाराचे."

"मी? मी कुठी चिडतो!" म्हणून बाकड्यावर असा हात हानला, का सगळ्याईचा चहा सांडला.

वंदनानं पदरानं साडीवरचा चहा पुसला.

"बस झालं, काकाजी," म्हणे, "तुमाले तयारी नाई करा लागत."