शिंगणापूरचे स्थळ

गवळ्याने दूध ओतले की मावशी आधी त्यातला एक थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायची. थेंब ओघळला तर गवळ्याची खैर नसायची. नाही ओघळला तर ती त्याच्याकडे आणखीच रोखून बघायची. "आज पानी न्हाई घातलंस? काय काम काढलंस?"

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी माझी देवळाली प्रवऱ्याच्या प्राथमिक शाळेत बदली झाली आणि सगळे गाव जिला मावशी म्हणायचे, त्या बाईची पुढची खोली मी भाड्याने घेतली. माणूस दिसला की त्यात खोट शोधणारे लोक तुम्हीही पाहिले असतील. पण ही बाई खोट सापडेपर्यंत धड जेवायची नाही. मी तिशीला आलेली, बिनलग्नाची. एवढे तिला पुरले. तिने भाच्याला थेट माझ्या आधीच्या शाळेच्या गावी चौकशीला धाडले. मला कळले तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"राग धरू नगा, बाई," ती म्हणाली. "मडकं वाजवून घ्यावं, मानूस खरवडून. कल्हई समद्यांनाच असती."

"मग माझ्या कल्हईखाली काय निघालं?"

"तुमी हेडमास्तरांशी भांडता म्हनं. ते बरंच हाय."

हा संशय तिला फुकट मिळाला नव्हता. तिच्या लेकीचे, शांताचे, लग्न तिने एका संध्याकाळी ठरवले होते. पाहुणे जीपमधून आले. नवरा मुलगा साखर कारखान्यात नोकरीला, मनगटावर घड्याळ. "पुढं मुहूर्त न्हाई," म्हणाले, आणि बसल्या बैठकीला सुपारी फुटली. शांता नांदायला गेली आणि नागपंचमीच्या आतच कडेवर पोर घेतलेली एक बाई तिच्या दारात येऊन उभी राहिली. ती त्याची पहिली बायको. शांता पेटी उचलून एसटीने परत आली. पुढे काडीमोड झाला.

"त्यांच्या शेजाऱ्याला एक शब्द इचारला असता तर," मावशी दर चार दिवसांनी म्हणायची. तिने तसे म्हटले की शांता उठून आत जायची. मला ते खटकायचे, पण दुसऱ्याच्या घरात आपण काय बोलणार.

दुष्काळातच शिंगणापूरचे स्थळ आले. माणूस विधुर, थोडी जमीन, एक लहान मुलगी. मावशीचा पहिला संशय गावावरच.

"तिथं घरांना दारंच न्हाईत म्हनं. म्हंजे लपवायचं ते दुसरीकडंच कुठंतरी ठेवत असत्याल."

मी हसले. ती हसली नाही.

एका बाजाराच्या दिवशी, काही न कळवता, ती मला ओढत तिथे घेऊन गेली. घरात कोणी नव्हते. दारच नाही म्हटल्यावर मावशी थांबते कशाला! मी ओट्यावर लाजेने अर्धी झाले होते आणि आतून डबे उघडल्याचे आवाज येत होते. तिने गोधड्या झटकल्या, कोनाडे हुंगले. तेवढ्यात तो माणूस आला, लेकीला खांद्यावर घेऊन. परकी बाई आपल्या पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून बसलेली पाहून तो जरा दचकला. मग म्हणाला, "पीठ कालचंच हाय, मावशी. भाकरी टाकू का?"

निघताना तिने शेजारची चार घरे पालथी घातली. घरी आल्यावर पाय धुतले आणि म्हणाली, "नको."

"का?"

"कायबी सापडलं न्हाई. चार घरं इचारली, चौघं बी चांगलंच बोलत्यात. पढवल्यालेच दिसत्यात. इतकं नितळ कुनी असतंय व्हय?"

"मावशी, तुम्हाला जावई हवाय की खोट?" मी भडकलेच.

शांता सुपात डाळ निवडत होती. ती मान वर न करता बोलली. "आये, तू शेजाऱ्याला इचारलं न्हाईस, हे मी लई ऐकलं. मला तरी कुठं इचारलं हुतंस? त्या सांजंला मी आतून बघत हुते. चहा सांडला म्हनून तो धाकट्या भावावर कसा खेकसला, ते मी बघितलं. मला तो तवाच नको हुता."

मावशी सुपाशी येऊन बसली आणि निवडलेलीच डाळ पुन्हा निवडू लागली. मला तिचे वाईट वाटले. शांताचे त्याहून जास्त वाटले.

"या खेपंला मी सोता बोलते त्याच्यासंगं," शांता म्हणाली.

राहुरीच्या एसटी स्टँडवर ती त्याच्याशी बोलली. मी शेजारच्या बाकावर बसून सगळे ऐकले. तो म्हणाला, "पानी लई लांबून आनावं लागतंय. पोरगी आजून आईसाठी रडती. तुला आई म्हनंल का, ते मला सांगता यायचं न्हाई." शांताने त्याला बरेच काही विचारले आणि घरी येऊन आईला सांगितले, "मला पसंत हाय." मावशी हो म्हणाली, पण तोंड पाडूनच.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. मावशीही आता नाही. मला ती आठवते ती मारुतीच्या देवळात, शांताच्या दुसऱ्या लग्नाच्या दिवशी. अक्षता वाटून झाल्या होत्या, भटजी मुहूर्त टळतोय म्हणून चुळबुळ करत होते, आणि ही बाई अंतरपाटाच्या अलीकडे घुसून लेकीचा दंड धरून उभी.

"शांते, तुला पायजे ना ह्यो? नसंल तर न्हाई म्हन. समद्यांना आत्ता वाटंला लावते."

"पायजे, आये."

"कुनाच्या भिडंनं न्हाई ना?"

"न्हाई."

"पुन्यांदा सांग."

शांताने पुन्हा सांगितले. मावशीने तिचा दंड सोडला, पदराने डोळे पुसले आणि भटजींना म्हणाली, "आता म्हना तुमच्या मंगलाष्टका."