अकरा पानांवरचा सुतार

ज्याला जगात एकही वस्तू निर्दोष दिसत नाही, त्याच्याइतके जगावर प्रेम दुसरे कोणी करत नाही, असे माझे ठाम मत आहे. आणि त्याला कारण कतारमधल्या अल मुंतझा वस्तीतले आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी. मूळचे नाशिकचे हे गृहस्थ तिथल्या फुटबॉल विश्वचषकाआधीच्या वर्षांत एका स्टेडियमच्या बांधकामावर गुणवत्ता तपासत, आणि घरी आल्यावरही त्यांना ते थांबवता येत नसे. खुर्चीत ते दोन मिनिटे टिकत नसत. आमच्याकडे गणपतीच्या आरतीला उभे असताना त्यांनी टाचेने फरशा ठोकून पाहिल्या आणि मी प्रसाद पुढे करताच म्हणाले, "बाई, डावीकडची तिसरी पोकळ आहे." कादंबरीसुद्धा ते दिवाणखान्यातून बाल्कनीत येरझारा घालत वाचत. सुरुवात आवृत्तीच्या तपशिलापासून. कारण माल कुठला, खेप कितवी, हे आधी कळायला हवे.

त्यांच्या बांधकामावर एकदा एक ब्रिटिश लेखिका टिपणे घ्यायला आली. शेजाऱ्यांनी तिची महादेव नावाच्या, साताऱ्याकडच्या, शटरिंगच्या म्हणजे काँक्रीटचे लाकडी साचे बांधणाऱ्या सुताराशी गाठ घालून दिली. दुभाषेही तेच झाले. पुढे लंडनहून तिची कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यात महादेव हुबेहूब होता: कानावरची पेन्सिल, फळीचा वास घेऊन ओल ओळखणे, सारे काही. तो अकरा पानांवर वावरत होता, पण प्रत्येक ठिकाणी केवळ 'तो म्हातारा भारतीय' म्हणून. तडा गेलेल्या खांबाबाबत शेजाऱ्यांनी जे केले असते, तेच त्यांनी इथेही केले. साइटवरचा दोषनोंदीचा छापील तक्ता भरून थेट प्रकाशकाला पाठवला. दोष: माणसाला नाव नाही. उपाय: नाव द्यावे. मुदत: पेपरबॅक आवृत्ती.

लेखिकेचे सौजन्यपूर्ण उत्तर आले: अशी माणसे आपल्याला दिसतच नाहीत, हे वाचकाला जाणवावे म्हणून नाव मुद्दाम टाळले आहे. "मुद्दाम ठेवलेला तडा तडा नसतो का, बाई?" असे मला विचारून त्यांनी दुसरा तक्ता भरायला घेतला. त्या शुक्रवारी महादेव आमच्या कपाटाचे दार बसवायला आला होता.

"सायेब, नाव छापून माझा पगार वाढनार हाय व्हय? सोडा की. खलास!"

"तू गप रे! उद्या तुझ्या नातवानं ते पुस्तक उघडलं, तर त्याला तू सापडायला नको?"

महादेव हसला. मग स्क्रू पिळता पिळता हळूच म्हणाला, "इंग्रजी शाळंत हाय खरा त्यो."

स्टेडियम पूर्ण झाले, तशी ते बांधणारी माणसे पांगू लागली. आधी महादेव गेला, मग शेजारी. स्पर्धा तोंडावर आली असताना मला दुकानात पेपरबॅक दिसली. उभ्याउभ्याच पाने तपासली. दहा ठिकाणी बदल नव्हता. अकराव्या ठिकाणी मात्र परांचीखालून कोणीतरी हाक मारत होते, "महादेव, चल जेवायला!"

मी तिथूनच नाशिकला फोन लावला. त्यांनी ते वाक्य तीनदा वाचून घेतले.

"आता एक प्रत त्याच्या नातवाला पाठवा," मी म्हटले.

"त्याचा कतारचा नंबर बंद आहे. गावाचं नाव ठाऊक नाही." फोनमध्ये त्यांच्या येरझारांची पावले ऐकू येत होती. "आणि बाई, त्याचं आडनाव मी कधी विचारलंच नाही हो."

मीही विचारले नव्हते.