तळ्याखालच्या गावातला हुरडा

नागव्वा,

तुला वाचता येत नव्हतं, आणि तुला जाऊनही नऊ वर्षं झाली. म्हणजे हे पत्र हा शुद्ध मूर्खपणा आहे. पण ऐंशी ओलांडल्यावर मूर्खपणाला कोण घाबरतं?

चौऱ्याहत्तर साली मी सोलापुरात वाचनालयात नोकरीला होते. शनिवारी दुपारी तुमच्या चादरीच्या कारखान्याच्या पडवीत वाचून दाखवायला यायचे. तुम्ही आठ-दहा जणी चादरींच्या दशांना गाठी मारत बसलेल्या असायच्या. पहिल्या शनिवारी मी एक थोर सामाजिक कादंबरी आणली. तिसऱ्या पानाला चिमाबाई घोरायला लागली. तू म्हणालीस, "बाई, हे दुःख आमच्या घरात हाय की. दुसरं कायतरी आणा."

म्हणून मुलांच्या कपाटातून 'तळ्याखालचं गाव' आणलं. सात पुस्तकं. तळ्यात बुडालेल्या देवळाची घंटा वाजली की काठावरचं एखादं मूल खाली जातं. खाली आख्खं गाव, बाजार, माशांसारखे पोहणारे कंदील. तिथला एक दिवस म्हणजे इथलं एक वर्ष. आत मागांची एकसुरी खटखट चालायची, उन्हाच्या तिरिपेत सुताचे तंतू तरंगत असायचे, आणि वाचता वाचता मलाच वाटायचं, आपणही पाण्याखालीच बसलोय. वर कुणीतरी काठावर उभं असेल.

पुस्तकं ज्या क्रमानं छापली गेली, त्याच क्रमानं मी वाचली. तिथंच घोळ झाला. चौथ्यात मेलेला राजा सहाव्यात पाळण्यात! गुरम्मा म्हणाली, "बाईंनी पानं उलटी लावली वाटतं." तू मात्र माझ्यावरच डाफरलीस. "आदी उभा ताणा लावा की, बाई. ताणा न लावता आडवा बाणा कशात घालताय?"

आणि वाया गेलेल्या सुतातून तू एक दोरा घेतलास. वरच्या एका वर्षाला एक गाठ. नवा राजा आला की लाल सूत, मूल खाली गेलं की हिरवं. दिवाळीपर्यंत त्या गावाचा इतिहास तीन हात लांब झाला होता. लेखकाकडेही इतका चोख नसेल. मग मी सगळी पुस्तकं तुझ्या दोऱ्याप्रमाणं पुन्हा वाचली, आणि तेव्हा तू मला थांबवलंस.

दुसऱ्या भागात रत्ना नावाची सहा वर्षांची पोर मूठभर हुरडा घेऊन खाली जाते आणि परत येत नाही. पाचव्या भागात कुणालातरी ती दिसते. तोंडात अजून तोच कोवळा, दुधाळ हुरडा.

तू गाठी मोजल्यास. "तीस. म्हंजी तितं तीस दिस सरलं."

"बरं, मग?"

"मग हुरडा कवळा कसा? आमच्या मंगळवेढ्याचा हुरडा एक रात गेली तर चिवट हुतोय."

मी हसले. "अगं, लेखक पुण्याचे. त्यांनी हुरडा फक्त ताटात बघितलाय. चुकले बिचारे."

सगळ्या हसल्या. तू नाही हसलीस. नंतर नळावर हात धुताना सांगितलंस. तू दहा वर्षांची, धाकटी बहीण मल्लव्वा सहाची. मंगळवेढ्याचा बाजार. "हितंच थांब, आलेच," म्हणून तू बांगड्या बघायला गेलीस. परत आलीस तर ती नव्हती. चौतीस वर्षं झाली होती त्याला.

"चूक न्हाय म्हना, बाई," तू म्हणालीस. "हुरडा कवळा हाय म्हंजी तितं अजून एक दिस बी सरला न्हाय. म्हंजी मल्लू अजून हुबीच हाय. मला लई उशीर झाला न्हाय."

मी एम. ए. झालेली बाई. धुतलेले हात पुन्हा धुवायला लागले.

"तुमी पुण्याला जाता की. त्यांनाच इचारा." दोरा कागदात गुंडाळून तू माझ्या पर्समध्ये घातलास. "म्हनावं, एका बाईनं इचारलंय. हुरडा कवळा हाय ते खरं का न्हाय?"

शहात्तरच्या डिसेंबरात मी गेले. लेखकांची गल्ली सापडली, घर सापडलं. जिन्याची पहिली पायरी चढलेसुद्धा. वरून म्हाताऱ्या माणसाचा खोकला ऐकू येत होता. आणि मला ते स्पष्ट दिसलं: ते कपाळावर हात मारतील, "अरेच्चा, चूकच की ही!" म्हणतील, आणि पुढच्या आवृत्तीत हुरडा वाळवून टाकतील. एका शब्दात. मग मंगळवेढ्याच्या बाजारात त्या पोरीवर अंधार पडला असता. मी उतरले. परतीची एसटी चुकली असती हेही खरं, उगाच थोरपणा नको.

तुला सांगितलं, ते गावाला गेलेत. पुढची चार वर्षं मी त्या भल्या माणसाला गावालाच ठेवलं. तू दर वेळी विचारायचीस, "भेटले?" मग एकदा माझ्या तोंडाकडे नीट बघून म्हणालीस, "असू दे बाई. घाई न्हाय." त्यानंतर विचारलं नाहीस.

त्या घराच्या जागी आता दवाखाना आहे. दोरा माझ्या कपाटात आहे, कागदही तोच. मी वर गेले नाही, नागव्वा. विचारायचं राहिलं ते राहिलंच.