क्वेकरांच्या सभेत मी बाबांशी बोलले

त्या महिन्यात माझा देवावरचा विश्वासच उडाला होता. जातीबाहेर लग्न केलं म्हणून बाबांनी चार वर्षं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. माझी पत्रं न फोडताच परत येत. आणि एक दिवस नागपूरहून भावाची तार आली, बाबा गेल्याची. मला आठवा महिना लागलेला, डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नाही म्हटलं. फिलाडेल्फियातल्या आमच्या दोन खोल्यांत मी दिवसचे दिवस नुसती बसून राहायचे. रडूही येत नव्हतं. समेट व्हायच्या आधीच माणूस उचलून नेणाऱ्या देवाशी बोलायचं तरी काय?

खालच्या मजल्यावर मार्था राहायची. सत्तरीची, निवृत्त शिक्षिका, क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाची. तिला ‘मिसेस’ म्हटलेलं चालत नसे. त्यांच्यात सगळे सारखे, म्हणून नुसतं नाव. एका रविवारी सकाळी ती वर आली. म्हणाली, “आमच्या प्रार्थनेला चल. काही म्हणावं लागत नाही, फक्त बसायचं.”

“पण मी हिंदू आहे.”

“मग तुझ्या देवाजवळ बस.”

वाटेत तिने सांगितलं, तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये आपल्या पद्धतीने प्रार्थना केली म्हणून त्यांच्या लोकांना तुरुंगात टाकत. तो तुरुंग भोगलेल्या त्यांच्यातल्याच एकाला राजाकडून इथली जमीन मिळाली. त्याने वसाहत उभी केली आणि कायदा केला, देवाला कसं भजावं यावरून इथे कुणाचा छळ होणार नाही.

सभागृहात ना मूर्ती, ना क्रूस, ना पुजारी. समोरासमोर लाकडी बाकं आणि गप्प बसलेली तीसेक माणसं. देवाचा प्रकाश प्रत्येकाच्या आत असतो, तो बोलायला लावेल तेव्हा कुणीही उठून बोलावं, अशी त्यांची श्रद्धा. अर्धा तास तसाच गेला. पोटात बाळ हललं, आणि मी कशी उभी राहिले ते मला आजही सांगता येत नाही. मी मराठीतच बोलले, “बाबा, मी चुकले असं मला अजूनही वाटत नाही. पण तुमच्यावर माझी फार माया होती हो.”

मग मी खाली बसले आणि हमसून हमसून रडले. कुणी वळून पाहिलं नाही, कुणी गप्प केलं नाही. शेवटी सगळ्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले, तेव्हा मार्था हळूच म्हणाली, “शब्द कळले नाहीत. पण तू कुणाशी बोललीस ते कळलं.”

त्याच दुपारी मी आईला पत्र लिहिलं, दिवस भरत आल्याचंही कळवलं. उत्तर आलं तेव्हा मुलगी पाच दिवसांची होती. बाबांनी मला माफ केलं होतं का, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. एरवी तेच शोधत मी ते पत्र दहादा वाचलं असतं. आता वाटलं, हे त्या दोघांमधलं, बाबांचं आणि देवाचं. तिथेच राहू दे. आईने एवढंच विचारलं होतं, “बाळाला न्हाऊ घालायला कोण आहे गं?”

मी लगेच उत्तर लिहायला बसले. “आहे. मार्था नावाची एक बाई आहे.”